तीन दिवस शाळा, दोन दिवस घर

मुलीला आठवड्यातून तीन दिवस शाळेत पाठवायचं आणि दोन दिवस घरीच शिकवायचं, यात चुकीचं काय आहे? आम्हा आयटीवाल्यांना तर काहीच वाटू नये. मंगळवार ते गुरुवार ऑफिस, सोमवारी आणि शुक्रवारी घर, असंच आम्ही जगतो. ऑफिसात न जाताही काम होतं हे आम्ही रोज बघतो. मग शाळेत न जाताही शिकणं होत असणार.

माझा चुलतभाऊ आणि वहिनी सध्या याच विचारात आहेत. मुलगी साडेपाच वर्षांची आहे, जूनमध्ये पहिलीत जाईल. शाळा छोटी आहे आणि मुख्याध्यापिका बाई ऐकून घेणाऱ्या आहेत. दादाचं म्हणणं साधं आहे. मैत्रिणी आणि मैदान शाळेनं द्यावं, वाचन आणि गणित घरी तिच्या वेगानं होईल. त्यावर वहिनीनं एकच प्रश्न विचारला, "दोन दिवस घर म्हणजे नेमके कुणाचे दोन दिवस रे?" दादा तेव्हा कॉलवर होता. म्हणजे उत्तर मिळालंच.

इंग्लंडमध्ये याला फ्लेक्सी-स्कूलिंग म्हणतात. तिथल्या 1996 च्या शिक्षण कायद्यानुसार मुलाला योग्य शिक्षण मिळवून देणं हे पालकांचं कर्तव्य आहे, शाळेत नियमित पाठवून किंवा अन्य मार्गानं. तिथलं होमस्कूलिंग या 'अन्य मार्गानं'वर उभं आहे. अर्धवेळ शाळा मात्र पालकांचा हक्क नाही, ती मुख्याध्यापकांच्या मर्जीवर मिळते. गंमत म्हणजे खेड्यांतल्या काही लहान शाळांनी पट टिकवायला अशी मुलं आनंदानं घेतली.

आपल्याकडे 2009 चा शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वयाच्या मुलांसाठी आहे. मुलाला परिसरातल्या शाळेत दाखल करणं हे त्यात पालकांचं कर्तव्य म्हटलंय, पण ते न करणाऱ्या पालकांना शिक्षा ठेवलेली नाही. याच कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास अध्यापन सांगितलंय. भागाकार करा, दिवसाला चार तास येतात. म्हणजे कायद्याच्या कल्पनेतली शाळा मुळातच अर्ध्या दिवसाची आहे. उरलेला दिवस घराचाच आहे, आणि तो आपण स्कूलबसला, अबॅकसच्या क्लासला आणि मोबाइलला देऊन टाकलाय. आहे ती संध्याकाळ न वापरता सोमवार मागायचा, हे मला जरा विचित्र वाटतं.

पण माझी खरी अडचण दुसरी आहे. हजेरीपटावर 'गैरहजर' लिहिलं की ते सगळ्यांसाठी सारखंच असायला हवं. तसं ते नसतं. दिवाळीच्या सुमारास बीडमधून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या निघतात. तिथे 'एक कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. त्यांच्याबरोबर मुलंही निघतात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. त्या मुलाचं अर्धं वर्ष बुडतं, तेव्हा त्याला आपण 'शाळाबाह्य' म्हणतो. त्याच्यासाठी साखरशाळा, हंगामी वसतिगृहं काढावी लागतात. माझी पुतणी दोन दिवस घरी राहिली की ते 'लवचिक शिक्षण' होतं, आणि त्यावर छान रीलही निघतं.

लवचिकतेला माझा विरोध नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला कुरणशाळा चालवली, ती लवचिकच होती. गुरं राखणारी आदिवासी मुलं शाळेत येऊ शकत नव्हती, म्हणून शाळाच कुरणावर गेली. ज्या मुलाला येताच येत नाही, त्याच्यासाठी तिथे शाळा वाकली. आमच्या घरचा प्रस्ताव असा आहे की जिला रोज सहज येता येतं, तिच्यासाठी शाळेनं वाकावं.

घरी शिकणंही आपल्याकडे नवीन नाही. पंडिता रमाबाई संस्कृत शिकल्या त्या आईवडिलांकडे. पण शिकवू शकणारे आईवडील असलेली घरं किती होती, आणि कोणत्या जातींत होती? म्हणूनच 1882 मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे किमान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. गोखल्यांनी 1911 मध्ये त्यासाठी विधेयक मांडलं, ते फेटाळलं गेलं. शाहू महाराजांनी 1917 मध्ये कोल्हापुरात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करण्याचा हुकूम काढला. आज 'सक्ती' ऐकलं की आपल्याला छडी आठवते. पण ही सक्ती मुलांपेक्षा घरांवर जास्त होती. जन्म कोणत्या घरात झाला, यावर मुलाचं सगळं शिकणं अवलंबून राहू नये, एवढाच तिचा अर्थ.

आता दादाच्या बाजूनं. समाजात समता यावी म्हणून एका पाच वर्षांच्या मुलीनं आठवड्यातले पाच दिवस कंटाळत बसावं, असं तिला कुणी सांगायचं? हा प्रश्न मला टाळता येत नाही. जॉन होल्टनं 1964 च्या 'हाऊ चिल्ड्रन फेल'मध्ये दाखवलंय की वर्गातली मुलं बऱ्याचदा विषय शिकतच नाहीत. भीतीपोटी शिक्षकाला कोणतं उत्तर हवंय, ते ताडायला शिकतात. मी कंपनीत मुलाखती घेतो. उत्तर देताना स्क्रीनवर माझा चेहरा वाचणारे बावीस वर्षांचे इंजिनिअर मला दर महिन्याला भेटतात. ते कुठे तयार होतात हे मला ठाऊक आहे. आणि काही मुलांना शाळा खरंच झेपत नाही. बहुविकलांग मुलांना घरी शिकण्याचा पर्याय 2012 च्या दुरुस्तीनं कायद्यातच दिलाय, आणि ते योग्यच झालं.

तरीही 'मैत्रिणी शाळेनं द्याव्यात' या वाक्याशी मी अडतो. मैत्रिणी शाळा देत नाही. बाकीचे पालक आपापल्या मुली रोज पाठवतात, म्हणून त्या तिथे असतात. ओपन सोर्सचं सॉफ्टवेअर सगळे वापरतात, त्यात काम करणारे थोडेच असतात, आणि ते थोडे थकले की सगळ्यांचंच अडतं. वर्गातल्या प्रत्येकीनं तीन-तीन दिवस निवडले, तर वर्ग उरेल का? शिवाय वर्गाचं एक आतलं आयुष्य असतं. सोमवारी लपाछपीचा नियम बदललेला असतो. मंगळवारी येणारीला तो कुणी सांगत नाही, आणि राज्य तिच्यावरच येतं. ऑफिसातही सोमवारचा विनोद आम्हाला कुठे कळतो?

माझं मत विचाराल तर आठव्या वर्षापर्यंत अर्धी शाळा चालेल. पण घरच्या दोन दिवसांत शाळेतलंच गणित चार पानं पुढे न्यायचं असेल तर नको. ती शिकवणीच झाली, फक्त फी वहिनीच्या पगारातून कापली जाईल. शाळा जे देऊच शकत नाही ते त्या दिवसांत व्हावं. आजीबरोबर गावी जाऊन आठवडाबाजार बघणं, आजोबांबरोबर विहिरीवरची मोटर दुरुस्त होताना उभं राहणं, किंवा दिवसभर काहीच न करणं. आणि ते दिवस आईबापांनी समान वाटून घ्यावेत. दादानं शुक्रवारी कॉल बंद ठेवावेत.

शाळाही पालिकेची घ्यावी, असं माझं म्हणणं आहे. पट कमी झाला म्हणून धोक्यात आलेल्या शाळा शहरांतही आहेत. आमच्यासारख्यांची तीन दिवस येणारी मुलगी तिथे आली, तर पटावर एक नाव वाढेल. आणि स्वच्छतागृहात पाणी नाही म्हणून अर्ज करणारे, अर्जाचा पाठपुरावा करायला वेळ असणारे दोन पालक त्या शाळेला मिळतील. आठवड्यातून दोन दिवस तर ते घरीच असणार आहेत.