तिला कुणी काही केलेले नाही

आपल्या मराठवाड्यात एक वाक्य घरोघरी ऐकू येते: "पोरीला कुणीतरी काहीतरी केलंय." मुलगी नीट जेवत नाही, आलेला रिश्ता नको म्हणते आणि कारण विचारले तर गप्प राहते. मग हे वाक्य उच्चारले जाते. कुणी करणी म्हणते, कुणी जादू, कुणी बाहेरची हवा. आमिल बोलावला जातो, गळ्यात तावीज पडतो, जुमेरातीला दर्ग्याच्या फेऱ्या सुरू होतात. सगळे होते, फक्त "बेटा, तुझ्या मनात काय आहे?" एवढे कुणी विचारत नाही.

'लातूर पॅटर्न'चे नाव झाल्यापासून लातूर आणि नांदेड ही खेड्यापाड्यांतल्या मुलांची शिक्षणाची गावे झाली. त्यात आपल्या मुलीही आहेत. त्यासाठी कुणाच्या अब्बांनी शेत गहाण टाकलेले असते, कुणाच्या अम्मीने दागिने मोडलेले असतात. मुलगी शिकते, चार माणसांत वावरते आणि तिला कुणीतरी आवडते. तो दुसऱ्या बिरादरीचा असतो, किंवा गरिबाघरचा. इकडे अब्बांनी आपल्या भावाला शब्द देऊन ठेवलेला असतो. अब्बा खोटे नाहीत, मुलगीही खोटी नाही. म्हणूनच हा प्रश्न अवघड आहे.

जादूचे नाव घेतले की हा अवघडपणा मिटल्यासारखा वाटतो. मुलगी वाईट ठरत नाही, अब्बांचा शब्दही चुकीचा ठरत नाही; दोष तिसऱ्याच्या माथी जातो. हा तिसरा बहुधा घरातली चुलती किंवा एखादी एकटी शेजारीण असते. मुलाने मनाने लग्न केले, तर सुनेने त्याच्यावर जादू केली असे आपणच म्हणतो. या सोयीची किंमत मुलीला मोजावी लागते. तिचा नकार तिचा राहत नाही, तो जिन्नाचा होतो. जिन्नाशी कुणी सल्लामसलत करत नाही, त्याला उतरवतात. प्रेमात पडलेली मुलेही काही वेगळे करत नाहीत. वशीकरणाच्या जाहिराती वाचून तीही आमिलाचा पत्ता शोधतात. दुसऱ्याची मर्जी न विचारता ती ताब्यात घ्यायची, हाच हेतू दोन्हीकडे असतो.

भानामती तर आपल्या भागाची जुनीच ओळख. बायका प्राण्यांसारख्या ओरडतात, घरावर दगड पडतात. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी अशी प्रकरणे तपासली, तेव्हा त्यामागे माणसाचा हात आणि घरातल्याच कुणाची तरी घुसमट दिसून आली. 2013 साली डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि त्याखालचा पहिला गुन्हा आपल्या नांदेडातच नोंदला गेला. त्याच वर्षी कायदाही झाला. भोंदूला आवरायला तो हवाच. पण मुलीचे म्हणणे ऐकून घेण्याचे काम कायदा करू शकत नाही, ते घरालाच करावे लागते.

कुणी म्हणेल, जादूचा उल्लेख कुरआनातही आहे. आहे. सूरह बकरामध्ये नवरा-बायकोत फूट पाडणाऱ्या विद्येचा उल्लेख येतो. पण अल्लाहच्या मर्जीवाचून तिने कुणाचेही नुकसान होत नाही, हेही तिथेच सांगितले आहे. तेव्हा जादू मानणाऱ्यालाही आपली जबाबदारी तिच्यावर ढकलता येत नाही.

बुखारीतल्या दोन हदीस इथे आठवतात. हजरत खन्सा बिन्त खिजाम यांचा निकाह वडिलांनी त्यांच्या मर्जीविरुद्ध लावला. त्यांनी तक्रार केली आणि प्रेषितांनी (स.) तो निकाह रद्द ठरवला. दुसरी हजरत बरीरा यांची. गुलामीतून मुक्त झाल्यावर त्यांना पती मुगीस यांच्याबरोबर राहायचे नव्हते. मुगीस मदीनेच्या रस्त्यांतून रडत त्यांच्या मागे फिरत. प्रेषितांनी (स.) रदबदली केली, तेव्हा हा हुकूम आहे का, असे बरीरा यांनी विचारले. हुकूम नाही, शिफारस आहे, हे कळल्यावर त्यांनी नकार कायम ठेवला आणि तो मानला गेला.

या दुसऱ्या हदीसीपाशी आम्ही पुन्हा पुन्हा थांबतो. मुगीस यांचे प्रेम खरे होते, तरी तेवढ्याने त्यांचा हक्क सिद्ध झाला नाही. म्हणजे प्रेमाचाही आपोआप विजय होत नाही. आणि खुद्द प्रेषितांनी (स.) जिथे शिफारशीवर थांबायचे ठरवले, तिथे आपण आई-बाप, काका, मामा हुकूम कोणत्या तोंडाने करणार?

मुलांकडेही काही देणे लागते. शिफारस मनापासून ऐकायची, आपले मन लपवून न ठेवता सांगायचे, आणि नाही म्हटल्यावरही आई-बापांना तोडायचे नाही. आई-बापांनी शिर्कसाठी जबरदस्ती केली तर ऐकू नका, पण दुनियेत त्यांच्याशी भलेपणानेच वागा, असे सूरह लुकमान सांगते. एवढ्या मोठ्या मतभेदातही भलेपणा सुटत नसेल, तर एका रिश्त्यावरून तो का सुटावा?

तेव्हा पुन्हा कधी आपल्या घरात ते वाक्य कुणी उच्चारले, तर आमिलाकडे जाण्याआधी अम्मीने मुलीजवळ बसावे, अब्बांनीही बसावे आणि तिला विचारावे. ती खरोखर आजारी असेल, तर डॉक्टरकडे न्यावे. आजारी नसेल, तर ती जे सांगेल ते तिचेच म्हणणे आहे असे मानून ऐकावे, ते आपल्याला पटो वा न पटो.