न मागितलेले पाणी

भले करण्याच्या हेतूने केलेल्या कृतीतून दुसऱ्याचे नुकसान झाले, तर त्याचा दोष करणाऱ्याकडे कितपत जातो? नीतिशास्त्रातला हा प्रश्न फार जुना आहे. माझ्यापुढे तो एका निवडुंगाने नव्याने उभा केला, म्हणून सुरुवातही त्या निवडुंगापासूनच करतो.

काही वर्षांपूर्वी ऑक्टोबरच्या अखेरीस मी कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात भाचीकडे मुक्कामाला होतो. भाची वसईत वाढलेली; लग्नानंतर तिकडेच स्थायिक झाली. तिच्या घराच्या दक्षिणेकडील भिंतीलगत, छपराच्या वळचणीखाली, वाळू आणि खडी घालून केलेला एक लहानसा उंचवटा होता. त्यावर आपल्या फड्या निवडुंगासारखेच, पण जेमतेम वीतभर उंचीचे एक झुडूप पसरले होते. बर्फाच्या देशात निवडुंग पाहून मला नवल वाटले. पण त्याची अवस्था पाहून त्याहून अधिक वाईट वाटले. फड सुरकुतलेले, जांभळट पडलेले आणि मान टाकल्यासारखे जमिनीला टेकलेले. भाची आणि जावई दिवसभर कामावर, घरात रिकामा मीच. बिचाऱ्याकडे कोणी पाहत नाही अशी समजूत करून घेऊन मी रोज सकाळी तांब्याभर कोमट पाणी त्याच्या मुळाशी घालू लागलो. दहा दिवस हा क्रम न चुकता चालला. पुढल्या वसंतात भाचीचा फोन आला, तेव्हा इतर खुशालीच्या ओघात ती सहज बोलून गेली की निवडुंग बुडापासून कुजला.

मग मी त्या वनस्पतीविषयी वाचू लागलो. हे वाचन पाणी घालण्यापूर्वी व्हायला हवे होते, असो. तिचे शास्त्रीय नाव ओपन्शिया ह्युमिफ्यूसा. पूर्व अमेरिकेत फ्लॉरिडापासून उत्तरेकडे मॅसॅच्युसेट्सपर्यंत ती आढळते, आणि कॅनडात ईरी सरोवरात घुसलेल्या पॉइंट पेली या वाळूच्या टोकावर व जवळच्या पेली बेटावर. (उत्तरेकडची झाडे वेगळ्या जातीची आहेत, असे आता काही अभ्यासक मानतात.) जून महिन्यात तिला पिवळीधमक फुले येतात, पुढे तांबूस बोंडे धरतात. मोठे काटे तिला थोडेच, कधी मुळीच नसतात. पण फडांवर बारीक कुसळांचे झुबके असतात, ती बोटात शिरली की चिमट्याशिवाय निघत नाहीत. दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ शोधणाऱ्यांनी हे झुडूप एकदा हाताळून पाहावे.

परंतु खरे आश्चर्य तिच्या हिवाळ्यात आहे. दिवस लहान होऊ लागले, रात्री गारठू लागल्या की ही वनस्पती आपल्या अंगातील पाणी आपण होऊन कमी करते. पेशींतला रस घट्ट होतो, त्यात शर्करा वाढते आणि त्यामुळे तो सहजासहजी गोठत नाही. बर्फ झालाच तर पेशींच्या बाहेरच्या पोकळीत होतो. पेशी फुटत नाहीत. फड सुकून आडवे होतात, बर्फाखाली निजतात आणि वसंतात मुळांनी पाणी ओढून पुन्हा ताठ उभे राहतात. तिची बहीण ओपन्शिया फ्रॅजिलिस तर थेट कॅनडाच्या पीस नदीच्या खोऱ्यापर्यंत पोचली आहे. अशा वनस्पतीला थंडी मारीत नाही. मारतो तो थंडीतला ओलावा. म्हणूनच तिकडचे जाणते बागवान तिला उतारावर किंवा खडीच्या उंचवट्यावर, भरपूर उन्हात लावतात आणि उन्हाळा सरता सरता पाणी तोडतात. मला जे मरण वाटले, ती जगण्याची तयारी होती. ती तयारी मी रोज सकाळी मोडून काढीत होतो.

अज्ञानातून घडलेल्या कृत्यांविषयी ॲरिस्टॉटलने एक बारीक भेद केला आहे. चूक कळल्यावर ज्याला दुःख होते त्याचे कृत्य इच्छेविरुद्ध घडले असे तो म्हणतो. ज्याला दुःखच होत नाही त्याच्याविषयी इतके म्हणायला तो तयार नाही. मला दुःख झाले, म्हणजे पहिल्या वर्गात मी बसलो. पण तोच तत्त्वज्ञ पुढे असेही म्हणतो की निष्काळजीपणाने ओढवून घेतलेले अज्ञान ही सबब होऊ शकत नाही. इथे माझी पंचाईत होते. भाची रोज संध्याकाळी घरी येत होती. एक प्रश्न विचारायला मला कोणी अडवले होते?

हा प्रश्न केवळ एका झुडपापुरता असता तर मी तो सोडून दिला असता. निवडुंगाच्याच इतिहासात त्याचे मोठे रूप पाहायला मिळते. ऑस्ट्रेलियात बागेसाठी, कुंपणासाठी नेलेल्या निवडुंगाने पुढे लक्षावधी एकर जमीन गिळली. तेव्हा अर्जेंटिनाहून कॅक्टोब्लास्टिस नावाच्या पतंगाच्या अळ्या आणून 1926 मध्ये सोडण्यात आल्या. त्यांनी काही वर्षांतच ती जमीन मोकळी केली. क्वीन्सलँडमधील बूनार्गा येथे कृतज्ञ शेतकऱ्यांनी 1936 मध्ये त्या किड्याच्या नावाने सभागृह बांधले. हा यशाचा दाखला पाहून 1957 मध्ये तोच पतंग कॅरिबियन बेटांवर सोडला गेला. 1989 मध्ये तो फ्लॉरिडात आढळला. तिथले निवडुंग तर तिथलेच, मूळचे! आज त्यांनाच तो पोखरतो, आणि त्यांत आपली ही ह्युमिफ्यूसाही आहे. कॅरिबियन बेटांवर पतंग सोडणारे दुष्ट नव्हते. एका ठिकाणचे औषध दुसरीकडेही औषधच ठरेल, एवढाच त्यांचा भरवसा होता.

ज्या कॅनडात तो सुकलेला फड मी पाहिला, तिथे या निवडुंगाची गणना 1985 मध्ये संकटग्रस्त वनस्पतींत झाली. वाढत्या झाडोऱ्याची सावली, किनाऱ्याची धूप ही कारणे आहेतच. शिवाय हौसेने तो उपटून बागेत नेणारेही. त्यांचेही त्याच्यावर प्रेम असते, यात मला शंका नाही. भाचीचे झाड रानातले नव्हते. शेजारणीने दिलेल्या एका फडापासून तिने ते वाढवले होते.

मागाहून मी तिला विचारले, "मी पाणी घालतो हे तुला ठाऊक होते?"

"तिसऱ्या दिवशीच कळले, मामा. माती ओली दिसली."

"मग बोलली का नाहीस?"

ती जरा थांबली. "तुम्ही इतक्या मायेने घालत होता. तुम्हाला कसे सांगायचे?"

तिच्या या उत्तराने मी अधिक अस्वस्थ झालो. आपल्या घरांत वडीलधाऱ्याला थोपवणे उद्धटपणाचे मानले जाते, आणि या संस्काराचा मलाही आजवर अभिमानच होता. तिने झाड जाऊ दिले, पण माझे मन राखले. तिची ही दया आणि माझे ते कोमट पाणी यांत मला आता फारसा फरक करता येत नाही. मी तिला तसे म्हणालोही. ती हसली आणि म्हणाली की कुजण्यापूर्वीच एक फड तोडून तिने गॅरेजमध्ये सुकत ठेवला होता. काप वाळल्यावर तो खडीत टेकवून दिला आहे. "या वेळी आलात की," ती म्हणाली, "आधी मला विचारा हं."