अदृश्य कामाची सचोटी

ज्या कामाची तपासणी कोणीहि करणार नाहीं, तें किती चोख करावें, हा प्रश्न वरवर पाहतां व्यवहाराचा वाटतो. वस्तुतः तो नीतीचा आहे. त्याचा विचार एखाद्या कारागिराच्या मेजाशीं बसून केला तर अधिक फलदायी होतो. कारण तेथें शब्दांना पळवाट मिळत नाहीं.

गिटारीचें उदाहरण घेऊं. पोलादी तारांच्या गिटारीवर सहा तारांचा मिळून सुमारें 70 किलोग्रॅमांचा ताण असतो, आणि तो सोसणारी तबली जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची असते. तिच्या आंतल्या अंगास चिकटविलेल्या लांकडी पट्ट्या तिला सांवरून धरतात. या पट्ट्या फार जाड केल्या तर तबली भक्कम होते, पण मुकी होते. फार बारीक केल्या तर ती गोड बोलते, पण कालांतरानें ताणाखालीं फुगते. स्पेनमधील आंतोनियो दे तोरेस (1817–1892) यानें पंख्याप्रमाणें पसरलेल्या पट्ट्यांची रचना पूर्णत्वास नेली. स्वराचें मर्म तबलींतच आहे हें दाखविण्याकरितां त्यानें 1862 सालीं पाठ व कडा कागदी पुठ्ठ्याच्या असलेली एक गिटार घडविली. ती बार्सेलोना येथील संगीत संग्रहालयांत आहे.

यांतील एखादी पट्टी कोरड्या हवेनें, उष्णतेनें किंवा धक्क्यानें सुटते. बाहेरून कांहींच दिसत नाहीं. मात्र एखादा विवक्षित स्वर वाजतांच आंत खरखर उमटते. कारागीर तबलीवर बोटानें टिचक्या मारून पोकळ आवाजाची जागा हुडकतो, गोल छिद्रांतून आरसा व दिवा आंत घालतो, आणि पातळ कागद कोठें शिरतो तें पाहतो. मग फटींत सरस भरून, पट्टी टेकूनें किंवा शिकंज्यानें दाबून दिवसभर ठेवतो. टेकू अधिक नेटानें लावला तर तबलीच उचलली जाते. म्हणून बळापेक्षां अदमास महत्त्वाचा.

येथें खरा प्रश्न उभा राहतो. जनावरांच्या कातड्यापासून केलेला सरस उष्णता व ओलावा लागतांच सुटतो, आणि जुन्या सरसावर नवा सरस धरतो. उलट आजचीं कांहीं रासायनिक चिकटद्रव्यें अशीं आहेत कीं, तीं एकदां बसलीं म्हणजे लांकूड न दुखवतां सोडविणें अतिशय कठीण. गिऱ्हाइकास दोहोंतील भेद ऐकूं येत नाहीं. खरखर थांबली कीं तो संतुष्ट होतो. मग सोपें व घट्ट तें कां वापरूं नये? शिवाय हा आक्षेप पोकळ नाहीं. कारण जो सरस हवा तेव्हां सुटतो, तोच उन्हांत तापलेल्या मोटारींत नको तेव्हांहि सुटतो.

तरीहि आमचा कौल सरसाकडेच आहे. आज जो दुरुस्ती करितो तो शेवटचा नव्हे. पन्नास वर्षांनीं कोणी अनोळखी माणूस त्याच छिद्रांतून आरसा घालील, आणि त्याचें काम सुकर किंवा अशक्य करणें आजच्या हातांत आहे. त्या माणसाचें आपल्यावर काय देणें, असें कोणी विचारील. उत्तर आपल्याच परंपरेंत आहे. पितृऋण पितरांना परत करावयाचें नसतें. तें पुढील पिढीकडे फेडावयाचें असतें. पहिल्या घडविणारानें वस्तु उघडतां येईल अशी केली, म्हणूनच आज ती दुरुस्त होते. तें ऋण आपण मागें फेडूं शकत नाहीं.

मात्र यावरून प्रत्येक अदृश्य कामास सारखेंच कष्ट द्यावे, असें अनुमान काढूं नये. आंतल्या पट्टीस झिलई करीत बसणें ही सचोटी नव्हे, हौस होय. कसोटी एवढीच, कीं आपल्या कामानें वस्तूचें मुख्य कार्य सांभाळलें गेलें काय, आणि मागून येणाराचा मार्ग मोकळा राहिला काय. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखालीं सरकविलेल्या सुताच्या धाग्यास आपले लोक 'जीव' म्हणतात. व्हायोलिनच्या पोटांतील लहानशा खुंटीस फ्रेंच लोक 'आत्मा' म्हणतात. श्रोत्यांच्या नजरेस न पडणाऱ्या क्षुद्र वस्तूंना इतकीं थोर नांवें देणाऱ्या या कारागिरांना, वाद्याचा स्वर कशावर उभा असतो हें पुरतें ठाऊक असलें पाहिजे.