खोकल्याची बिदागी

तबलजी म्हटला की त्याचा चहा आला, पान आलं, हातोडीची ठोकठोक आली. ड्रम मशीनला यातलं काही लागत नाही. पिन खोचली की ते वाजायला लागतं. (ज्याचा चहा वाचला त्याची बिदागीही वाचली, हे ओघानं आलंच.) आमचा भाचा म्हणूनच एकट्यानं मैफल करतो. टेबलावर चार यंत्रं, वायरींचा शेवयांसारखा गुंता आणि मागं हा, सत्यनारायणाला बसल्यासारखा वाकून खटके दाबतोय. "आधी काही ठरवलेलं नसतं, मामा. सुचेल ते तिथल्या तिथं," असं त्याचं म्हणणं.

आमचे पेटीवादक शेजारी यावर खवळतात. "स्वयंपाक आचाऱ्यानं करायचा आणि शाबासकी वाढप्यानं घ्यायची! वाजवतं यंत्र, टाळ्या याला. ही कसली उपज?"

आता पेटीवाल्यानं तरी हे बोलू नये. पेटी मुळात विलायतेहून आलेली. १९४० साली ऑल इंडिया रेडिओनं तिला घराबाहेर काढलं; तिच्यातून मींड निघत नाही, हेही त्याचं एक कारण. दार किलकिलं व्हायला १९७१ साल उजाडलं. आज इलेक्ट्रॉनिक तानपुरा गवयाच्या मागं खुशाल गुणगुणत असतो, त्याला कुणी हटकत नाही. यंत्राचा विटाळ कधी मानायचा हे आपण सोयीनं ठरवतो. सोवळ्याचं तसं नेहमीचंच आहे. रेशमी चालतं.

उपजेचंच म्हणाल तर चरणजीत सिंग घ्या. मुंबईत हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणारा माणूस. १९८२ साली त्यांनी रोलंड कंपनीची तीन यंत्रं एकत्र जोडली. टीआर-८०८ ठेक्याला, टीबी-३०३ खर्जाला आणि ज्युपिटर-८ सुरावटीला. टीआर-८०८ वर ठेका भरायचे खटके १६. त्रितालाच्या मात्राही १६! जपानी इंजिनियरांनी हा हिशेब पाश्चात्त्य तालासाठी केला होता हे खरं, पण योग म्हणतात तो असा. यंत्राला त्याच्या चक्रात सोडून चरणजीतजींनी वर ललित, मालकंस, कलावती वाजवले. ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी तेव्हा फारशी कुणी घेतली नाही. २०१० साली ती पुन्हा निघाली आणि युरोपातली तरुण पोरं वेडी झाली. सत्तरी ओलांडलेले चरणजीतजी तिकडं जाऊन तेच राग वाजवून आले. २०१५ मध्ये ते गेले. राग खटक्यात नव्हता, बोटांत होता, एवढं शेजाऱ्यांनीही कबूल केलं. "पण ते राग होते," ही पुस्ती जोडून.

माझी अडचण निराळी आहे. भाच्याकडं सॅम्पलर नावाचं यंत्र आहे. ते जगातला कुठलाही आवाज उचलतं, आणि लूप केला की तो तुकडा आवर्तनासारखा फिरत राहतो. कुकरची शिट्टी चालते, बोहारणीची हाळी चालते. दुसऱ्यानं वाजवलेला ठेकाही चालतो, आणि इथंच माझ्यातला मध्यमवर्गीय जागा होतो. अमेरिकेत ग्रेगरी कोलमन नावाचा ड्रमर होता. विन्स्टन्स या बँडच्या १९६९ सालच्या ‘आमेन, ब्रदर’ या रेकॉर्डमध्ये त्यानं जेमतेम सहा-सात सेकंद एकट्यानं ड्रम वाजवले. तेवढा तुकडा पुढं सॅम्पलरवाल्यांनी उचलला. हजारो गाणी त्यावर उभी राहिली. कोलमन २००६ साली वारला, तोवर त्या सात सेकंदांपोटी त्याच्या हाती छदामही पडला नव्हता. आपल्याकडं शेजारून वाटीभर साखर आणली तरी परत करताना शिगोशीग भरतात हो!

भाच्याला हे ऐकवलं. तो म्हणाला, "मामा, गवई घराण्याची बंदिश गातो तेव्हा कुणाला पैसे देतो?"

सवाल बिनतोड वाटला. रात्री अंथरुणावर पडल्यावर उत्तर सुचलं. गवयाला ती बंदिश स्वतःच्या गळ्यातून काढावी लागते, आणि गुरूचं नाव घेताना तो कान धरतो. सॅम्पलरला कान नाहीत. असते तरी धरणार कोण?

भाच्याच्या परवाच्या कार्यक्रमाला शेजारी हट्टानं आले, पहिल्या रांगेत बसले. भाचा माइकवर टाळी लूप करत होता, नेमके त्याच क्षणी ते खोकले. खोकला लूपमध्ये सापडला. दर चार सेकंदांनी परत येऊ लागला. हाडामांसाचा तबलजी अशा वेळी मुखडा मारून सांभाळून घेतो. यंत्र कुणाला सांभाळून घेत नाही. पुसायचं बटण होतं, पण भाच्यानं ते दाबलं नाही. त्यानं खोकल्याखाली खर्ज भरला, अलीकडं एक तिहाई रचली, आणि पाचव्या-सहाव्या आवर्तनाला खोकला बरोबर समेवर पडायला लागला. टाळ्या पडल्या. हे आधी ठरवलेलं नव्हतं याची ग्वाही मी देतो. त्या खोकल्याला मी वीस वर्षं ओळखतो, तो कुणाच्या सांगण्यानं येत नाही. शेजारी मात्र स्वतःच्याच खोकल्यावर मान डोलवत होते.

बाहेर आल्यावर त्यांनी भाच्याला गाठलं.

"खोकला माझा होता."

"हो काका."

"मग बिदागीचं काय?"

भाच्यानं खिशातून वीसची नोट काढली. शेजाऱ्यांनी ती उजेडात धरून पाहिली, घडी करून वरच्या खिशात ठेवली आणि म्हणाले, "पुढच्या वेळी नाव जाहीर करायचं. आधी."