टिटवीचं पिल्लू आणि एक शाब्बासकी

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी सकाळी साडेसहाला माझा कुत्रा तोंडात काहीतरी घेऊन माझ्याकडे धावत आला. डोकं वर, शेपूट वर, अगदी शिकवलं होतं तसा. मी फेकलेली कॅनव्हासची गुंडाळी मात्र मागे बांधावर तशीच पडलेली दिसत होती. डोक्यावर टिटव्यांची जोडी किंचाळत घिरट्या घालत होती. मला कळायला दोन सेकंद लागले. त्याच्या तोंडातून काडीसारखे दोन लांब पाय बाहेर आले होते आणि ते हलत होते.

मी ओरडलो, "सोड! ए, सोड!"

तो थांबला, वळला आणि पिल्लू घेऊन पळत सुटला.

त्यानंतरच्या एका मिनिटात मी जे केलं, ते बरोबर होतं की नाही, हा प्रश्न मला अजून सोडत नाही. पण ते सांगायचं तर आधी थोडं मागे जावं लागेल.

कुत्र्याचं नाव खंड्या. मी ते पक्ष्यावरून ठेवलं, कारण पाणी दिसलं की हा सूर मारतो. आईच्या मते ते खंडोबावरून आहे. दोघांचंही समाधान आहे. जात लॅब्रॅडॉर, तेव्हा वय नऊ महिने. आपण नुसतं 'लॅब' म्हणतो, पण पूर्ण नाव लॅब्रॅडॉर रिट्रीव्हर, म्हणजे परत आणून देणारा. यांचे पूर्वज कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर मच्छीमारांसोबत राबायचे. जाळ्याचे दोर ओढायचे, गळातून निसटलेला मासा पाण्यात उडी मारून पकडून आणायचे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या सरदार-उमरावांनी ही कुत्री नेली आणि गोळी लागून पडलेली बदकं आणायच्या कामाला लावली. 1903 मध्ये तिथल्या केनेल क्लबने या जातीला मान्यता दिली. हे सगळं मी नायगाव कोळीवाड्यातल्या एका आजोबांना सांगितलं, तेव्हा ते खंड्याच्या पाठीवर हात फिरवत म्हणाले, "म्हणजे मूळचा आमच्यातलाच की."

आपल्याकडे त्याला आणायला आता बदकं नाहीत, आणि ते चांगलंच आहे. 1972 मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि 1991 च्या दुरुस्तीने परवाना काढून शिकार करण्याची वाटही बंद झाली. त्या कायद्यात शिकारीच्या व्याख्येत मारणं येतं, तसं पकडणंही येतं. म्हणजे नायगावात राहणाऱ्या या रिट्रीव्हरच्या वाट्याला चप्पल, मोजे आणि मुलांचे हरवलेले बॉल. पण पिढ्यान्‌पिढ्या निवडून निवडून अंगात भरलेली ओढ काही कायदा वाचत नाही. तोंडात काही नसेल तर हा बेचैन होतो. म्हणून मी ठरवलं, याला नीट शिकवू.

शिकवणं सुरू झालं आमच्या मजल्यावरच्या पॅसेजमध्ये. दोन्ही बाजूंना भिंती, एका टोकाला मी. मोजा फेकायचा. पिल्लू तो उचलतं आणि त्याला परत यायला माझ्याशिवाय दुसरी वाट नसते. तरी पहिले पंधरा दिवस तो मोजा घेऊन यायचा आणि हात पुढे केला की मागे सरकायचा. मी ओढलं की तो दात घट्ट करायचा. मी मागे धावलो की त्याला तो खेळ वाटायचा आणि तो आणखी लांब पळायचा.

हळूहळू तीन गोष्टी कळल्या. एक, त्याच्या मागे धावायचं नाही, उलट दिशेने पळायचं म्हणजे तो आपल्या मागे येतो. दोन, तो जवळ आला की लगेच वस्तू काढून घ्यायची नाही. त्याला ती मिरवू द्यायची, पाठ थोपटायची, मग हात खाली धरून 'दे' म्हणायचं. तीन, दिल्यावर बहुतेक वेळा तीच वस्तू त्याला परत द्यायची. दिलेलं कायमचं जात नाही हे त्याला कळलं, त्या दिवसापासून त्याचे दात सैल झाले.

वाचायला हे सोपं वाटतं. पण देणं किती अवघड असतं, याचा एक किस्सा मला फार आवडतो. केलर आणि मॅरियन ब्रेलँड हे अमेरिकन जोडपं मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांचे विद्यार्थी. बक्षिसाच्या जोरावर प्राण्यांना शिकवणं हा त्यांचा धंदाच होता. त्यांनी एका रकूनला नाणं उचलून डब्यात टाकायला शिकवलं. एक नाणं तो कसंबसं टाकायचा. दोन दिली की मात्र गाडी अडायची. तो नाणी एकमेकांवर चोळत बसायचा, डब्यात बुडवायचा, पुन्हा बाहेर काढायचा. खाऊ समोर होता, नाणी सोडली की मिळणार होता, तरी त्याच्या हातून ती सुटेनात. 1961 मध्ये या जोडप्याने अशा फसलेल्या प्रयोगांवर प्रामाणिकपणे एक लेख लिहिला. जे हातात आलं ते धरून ठेवणं हा बहुतेक जिवांचा मूळ स्वभाव आहे. त्याच्याविरुद्ध जाऊन कुणी आपल्या हातावर काही ठेवतं, तेव्हा ती किरकोळ गोष्ट नसते.

शिकवण्याची दुसरी पद्धतही आहे. अमेरिकेत शिकारी कुत्र्यांना शिकवणारे काही जण कान चिमटीत धरून दाबतात. वेदनेने कुत्रा तोंड उघडतो, वस्तू तोंडात जाते आणि त्याच क्षणी चिमटा सुटतो. असं पुन्हा पुन्हा केलं की कुत्रा वस्तू धरायला आणि आणायला शिकतो. ही पद्धत चालते, म्हणूनच टिकली. मी ती वापरली नाही आणि त्याबद्दल बरेच दिवस स्वतःवर खूश होतो. मी खाऊ देतो, मारत नाही, म्हणजे माझा कुत्रा स्वखुशीने देतो, असा माझा समज होता.

मग एक संशोधन वाचनात आलं. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवलं की साधारण चारातल्या एका लॅब्रॅडॉरमध्ये भुकेशी संबंधित एका जनुकाचा तुकडाच गळालेला असतो. अशी कुत्री खाण्यासाठी जास्त आसुसलेली असतात. अपंग व्यक्तींच्या मदतीसाठी तयार केलेल्या ज्या लॅब्रॅडॉर कुत्र्यांची त्यांनी तपासणी केली, त्यांत हे प्रमाण 76 टक्के निघालं. म्हणजे आपण ज्यांना सगळ्यांत गुणी म्हणून निवडतो, त्यांच्यातल्या अनेकांचं पोटच भरत नसावं. खंड्याची तपासणी मी केलेली नाही. पण बिस्किटाकडे बघणारे त्याचे डोळे आठवले आणि 'स्वखुशी' हा शब्द मला जरा जड वाटू लागला. ज्याला नाही म्हणणं इतकं कठीण आहे, त्याला आपण काय शिकवतो याची जबाबदारी आपल्यावर जास्त येते.

आता पुन्हा त्या रविवारी.

नायगाव पूर्वेला टॉवर वाढले, तरी खाडीच्या अंगाला गेलं की अजून मिठागरं लागतात. सकाळी तिथे शेकाटे आणि बगळे असतात, लांबून खाडीपुलावरच्या लोकलची खडखड ऐकू येते. टिटव्या उघड्या जमिनीवरच अंडी घालतात, तीही याच दिवसांत. पिल्लं अंड्यातून बाहेर आली की लवकरच चालू लागतात, आणि आईबापांनी धोक्याची हाक दिली की जिथे असतील तिथे निपचित पडून राहतात. मातीच्या रंगाची असल्यामुळे ती माणसाला दिसत नाहीत. कुत्र्याला मात्र वास येतो. टिटव्या बराच वेळ ओरडत होत्या. मला ऐकू येत होतं. मला तो सकाळचा नेहमीचा आवाज वाटला.

खंड्या पळाला तेव्हा मी त्याच्यामागे दहा पावलं धावलो. अंतर वाढलं. मग पॅसेज आठवला. मी थांबलो, वळलो आणि उलट दिशेने पळालो. थोडं पुढे जाऊन बांधावर उकिडवा बसलो, हात खाली धरला आणि शक्य तितक्या गोड आवाजात म्हणालो, "खंड्या, घेऊन ये."

तो आला. माझ्यासमोर उभा राहिला. या जातीचं तोंड मऊ म्हणतात, म्हणजे धरलेलं चिरडू नये इतपतच दाब. मी म्हणालो, "दे." त्याने ते माझ्या तळहातावर ठेवलं. लाळेने ओलं झालेलं, छाती धडधडणारं, जिवंत पिल्लू.

आणि मी म्हणालो, "शाब्बास."

एका हातात थरथरणारं पिल्लू, वर त्याचे किंचाळणारे आईबाप आणि दुसऱ्या हाताने मी त्याला पकडून आणणाऱ्याची पाठ थोपटतोय. मला स्वतःचीच लाज वाटली. वर जे दोन जीव ओरडत होते त्यांना मराठी कळत असतं, तर त्यांनी या शब्दाला काय म्हटलं असतं?

तरी त्या क्षणी दुसरा शब्द नव्हता. त्याने दोन गोष्टी केल्या होत्या. उचलू नये ते उचललं होतं. आणि मी ओरडलेलो असूनही तो परत आला होता, दात सैल केले होते. मी ओरडलो होतो पहिल्या गोष्टीवर, पण ते ओरडणं ऐकू आलं दुसऱ्या गोष्टीला, कारण तेव्हा तो माझ्याकडे येत होता. त्याच्या हिशोबात शिक्षा परत येण्याला मिळाली. पुन्हा ओरडलो असतो, तर तो जबडा घट्ट करायला शिकला असता. पुढचं पिल्लू माझ्या हातापर्यंत आलंच नसतं.

हे मला इतकं लवकर समजलं त्याचं कारण फार भूषणावह नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्या एका चुकीच्या क्वेरीने ग्राहकांच्या काही नोंदी पुसल्या गेल्या. त्याआधी महिनाभर एका सहकाऱ्याने आपली चूक स्वतःहून सांगितली होती आणि सगळ्यांसमोर त्याची सालटी निघाली होती. मी ते पाहिलं होतं. म्हणून मी दोन दिवस गप्प राहिलो आणि एकट्याने निस्तरायला गेलो. तोवर बॅकअपमधून सहज परत मिळाल्या असत्या अशा काही नोंदी कायमच्या गेल्या. मीही तोंडात घेऊन पळालोच होतो.

घरातही हे रोज घडतं. मुलगी येऊन सांगते, "मी कुणालातरी पैसे पाठवले आणि फसले." आपण आधी ओरडतो. पुढच्या वेळी ती आपल्याकडे येत नाही, आणि आपल्याला वाटतं की ती सुधारली.

पण इथे थांबलो तर मी स्वतःला फार स्वस्तात सोडतोय. माणसाला सांगता येतं, "चूक ती चूकच, पण सांगितलंस ते चांगलं केलंस." भाषेमुळे दोन कृती वेगळ्या करता येतात. कुत्र्याला ही सोय नाही. वास घेणं, उचलणं, आणणं, देणं ही त्याच्यासाठी एकच साखळी, आणि शेवटी मिळालेली शाब्बासकी त्या सगळ्या साखळीलाच बळ देते. म्हणजे पिल्लू वाचवण्यासाठी मी उच्चारलेल्या शब्दाने पुढच्या पिल्लाचा धोका वाढवला. हे मला तिथे बसल्या बसल्याच कळत होतं.

मग शाब्बासकी परत घ्यायची का? नाही. तिची किंमत मी द्यायची. जे त्याला शब्दांत वेगळं करून सांगता येत नाही, ते मला त्याच्या भोवतालच्या जगात वेगळं करून ठेवावं लागेल. मार्चपासून पाऊस लागेपर्यंत मिठागरांच्या बाजूला त्याला मोकळं सोडायचं नाही. दोरी हातात. फेकाफेकी सोसायटीच्या आवारात. आणि 'घेऊन ये'च्या आधी जे शिकवायला हवं होतं ते आता शिकवायचं, 'थांब'. मी आधी आणायला शिकवलं, कारण ते बघायला छान वाटतं. थांबण्याचे व्हिडिओ कुणी काढत नाही.

यात एक अन्याय उरतोच. चूक माझी, दोरी त्याच्या गळ्यात. पहिल्या आठवड्यात तो बांधाच्या वळणावर थांबून माझ्याकडे बघायचा. मी त्याला काही समजावू शकत नव्हतो. म्हणून किमान एक नियम मी स्वतःला लावून घेतला, की त्याच्यावर रागवायचं नाही. त्याने मला हवं तेच केलं होतं. आण म्हटलं, त्याने आणलं. काय आणायचं नाही, हे ठरवणं माझ्याकडे होतं. वरून दोन पक्षी ते जिवाच्या आकांताने सांगत होते आणि मी फेकण्यात गुंग होतो.

पिल्लू मी त्याच जागेजवळ एका खुरट्या झुडपाच्या सावलीत ठेवलं आणि खंड्याला घेऊन बराच लांब गेलो. काही वेळाने टिटव्यांचं ओरडणं थांबलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या आधी एकटाच जाऊन आलो. दोन मोठ्या टिटव्या होत्या आणि त्यांच्या पुढेमागे तीन पिल्लं. आदल्या दिवशी किती होती, हे मी कधी मोजलं नव्हतं.

घरी आलो तेव्हा खंड्या दारात माझी चप्पल तोंडात घेऊन उभा होता. मी खाली बसलो, हात पुढे केला. त्याने क्षणभर माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग ठेवली.