भांडायला कुणीतरी हवं

मासा हा पाळायचा प्राणी आहे, असं मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत कधी वाटलं नव्हतं. आमचं मूळ गाव कोकणातलं. तिथे मासा पाहिल्यावर माणसाच्या मनात सौंदर्याचे विचार येत नाहीत असं नाही; पण ते सोलकढीबरोबर येतात. तरीही गेल्या वर्षी मी घरात चार फुटी फिशटँक आणला. कारण रक्तदाब. डॉक्टर म्हणाले, "रोज संध्याकाळी अर्धा तास माशांकडे बघत बसा. मन शांत होतं."

कुठल्या माशांकडे, हेही त्यांनी सांगायला हवं होतं.

दुकानदाराने मला सिक्लिड नावाच्या कुळाची ओळख करून दिली. हे कुळ मोठं. चपटा, डौलदार एंजल त्यातलाच आणि आपल्या खाडीतलं कळुंदरही त्यातलंच. हे ऐकून मला परक्या गावात मामेभाऊ भेटल्यासारखं वाटलं. या मामेभावाला मी आजवर फक्त तळलेला पाहिला होता, हे मी दुकानदाराला बोललो नाही.

पण सिक्लिड निवडणं म्हणजे पोरीचं लग्न जमवणं. पत्रिका पाहावी लागते. आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातल्या माशांना जड, क्षारयुक्त पाणी लागतं. अमेझॉनच्या डिस्कसला मऊ आणि किंचित आम्लधर्मी. दोघांना एका पाण्यात घातलं की एकजण आजारी पडणारच. ऑस्कर दुकानात दोन इंचांचा आणि लाघवी दिसतो, पण वाढतो फूटभर, आणि तोंडात मावेल त्याला तो शेजारी मानत नाही, जेवण मानतो. शेवटी आम्ही मध्य अमेरिकेवर आलो. तिथला एक मासा जॅक डेम्प्सी. १९१९ ते १९२६ या काळात हेवीवेट जगज्जेता असलेल्या मुष्टियोद्ध्याचं हे नाव. दुसरा कॉन्व्हिक्ट; अंगावर कैद्याच्या कपड्यांसारखे काळे पट्टे. तिसरा फायरमाउथ, चिडला की लालभडक गळा फुगवतो.

"पैलवान नको," ही म्हणाली. "कैदी चालेल."

म्हणून दोन कॉन्व्हिक्ट आणि दोन फायरमाउथ ठरले. मात्र ते लगेच आणता येईनात. चार बाय दीड बाय दीड फुटांच्या टाकीत जवळजवळ अडीचशे लिटर पाणी मावतं, म्हणजे नुसत्या पाण्याचंच वजन अडीचशे किलो. त्यासाठी लोखंडी स्टँड आला. मग दगड आधी काचेवर बसवायचे आणि वाळू नंतर. कारण हे मासे वाळू उकरतात, आणि वाळूवर ठेवलेला दगड एक दिवस काचेवर कोसळतो. नळाच्या पाण्यातलं क्लोरिन घालवायचं. फिल्टर सुरू करून, थोडं खाद्य टाकून टाकी महिना-दीड महिना माशांशिवायच चालवायची. त्या काळात डोळ्यांना न दिसणारे जिवाणू फिल्टरमध्ये वस्ती करतात आणि पुढे माशांच्या विष्ठेतून येणारा विषारी अमोनिया पचवतात. दीड महिना मी रोज संध्याकाळी रिकाम्या पाण्याकडे बघत बसलो. रक्तदाब उतरला तो तेव्हाच.

मासे आले. महिन्याभरात कॉन्व्हिक्टांच्या जोडीने कुंडीत अंडी घातली, आणि त्या दिवसापासून चारांपैकी साडेतीन फूट त्यांच्या मालकीचे झाले. फायरमाउथ कोपऱ्यात, कुरतडलेल्या शेपट्यांनिशी. हिने निकाल दिला, "वेगळं करा त्यांना." मी फायरमाउथना आतल्या खोलीत दोन फुटी टाकीत बिऱ्हाड थाटून दिलं. पुढे कॉन्व्हिक्टांची पिल्लं मोठी झाली, ती दुकानदाराला देऊन टाकली. आता मोठ्या टाकीत फक्त नवराबायको. म्हटलं, सुखाने संसार करा.

आठ दिवसांत नराने मादीला हाणायला सुरुवात केली. बिचारी हीटरमागे लपायची.

दुकानदार म्हणाला, "अहो, त्याच्यासमोर कुणीतरी ठेवा. नुसतं दिसलं तरी पुरे." मी दोन फुटी टाकी बाहेर आणून मोठीला चिकटवून ठेवली. नर तडक काचेवर धावून गेला. मादीही गेली. दोघांनी मिळून फायरमाउथना यथेच्छ धमकावलं, आणि परत येताना ते एकमेकांच्या अंगाला अंग लावून आले.

नंतर वाचनालयात या प्रकाराचं मूळ सापडलं. कोन्राड लॉरेन्झ हे ऑस्ट्रियन प्राणिशास्त्रज्ञ; १९७३ साली त्यांना नोबेल मिळालं. आक्रमकतेवरच्या १९६३ सालच्या पुस्तकात त्यांनी सिक्लिडांच्या अशाच शेजारच्या जोड्यांबद्दल लिहिलं आहे. मधल्या काचेवर शेवाळ धरलं आणि शेजारी दिसेनासा झाला, की नर बायकोशी वाईट वागायला लागायचा. काच पुसली की शेजाऱ्याशी जोरदार भांडण, आणि घरात गोडवा. आता, राग पाण्यासारखा आत साठत जातो आणि कुठेतरी सांडावाच लागतो, हे लॉरेन्झ यांचं म्हणणं पुढच्या अनेक शास्त्रज्ञांना पटलेलं नाही. पण त्यांनी आमची शाखा पाहिलेली नाही. आमच्याकडे चारजण एकमेकांशी बोलत नाहीत. हेड ऑफिसचं सर्क्युलर आलं की चौघे एका कपातून चहा पितात.

एका संध्याकाळी ही म्हणाली, "बघा, आता कशी गुण्यागोविंदाने नांदतायत." मी बघितलं. पण माझी नजर काचेपलीकडे गेली. फायरमाउथ गळा फुगवून उभा होता. सकाळी दिवा लागल्यापासून रात्री विझेपर्यंत तो तसाच उभा असतो. त्याचा गुन्हा काय? शेपूट त्याचीच तर खाल्ली होती.

आणि मला एकदम दादा आठवला.

अकरा वर्षं आम्ही दादाशी बोललेलो नाही. गावचं घर वाटून झालं, कलमं वाटून झाली, आणि तांब्याच्या बंबावर अडलं. बंब दादाने ठेवला. त्या बंबाने आमच्या घरी मात्र मोठं काम केलं. हप्ते, पोराचे मार्क, हिचं माहेर, कशावरूनही तोंडं वाजायला लागली की दोघांपैकी एकजण बंब काढायचा. "तुमच्या दादांनी तरी काय केलं!" की लगेच आम्ही दोघे एका बाजूला. लोक म्हणतात, तुमचा संसार किती सुखाचा.

मी कॉमर्सचा माणूस. प्रत्येक जमेसमोर कुठेतरी नावे टाकावं लागतं, हे मला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. मग अकरा वर्षं जमा होत गेलेली ही शांतता कुणाच्या नावे पडत होती? कुणीतरी वाईट राहिल्याशिवाय ज्यांना एकमेकांवर प्रेम करता येत नाही, त्यांचं ते प्रेम म्हणायचं की नुसती युती? माशाला हा प्रश्न पडत नाही, म्हणून त्याला दोषही नाही. त्याच्यासमोर काच ठेवणारा मी होतो. इथेही आणि तिथेही. शिवाय दादाच्या घरी संध्याकाळी काय बोलत असतील? म्हणजे आम्हीसुद्धा कुणाचे तरी काचेपलीकडचेच.

दुसऱ्या दिवशी मी फायरमाउथना पुन्हा आतल्या खोलीत नेलं. मोठ्या टाकीत दगड उभे केले, दोन कुंड्या वाढवल्या, म्हणजे मादीला नराच्या नजरेआड जाता येईल. तो अजूनही मागे लागतो. पण तिला जायला जागा आहे.

मग फोन उचलला. "दादा, मी बोलतोय."

बराच वेळ काही नाही. मग, "बंबाचं असेल तर त्याला भोक पडलंय. सात वर्षं माळ्यावर आहे."

"बंबाचं नाही," मी म्हटलं. "मासे पाळलेत. कळुंदराचे नातेवाईक."

"मे महिन्यात या मग," दादा म्हणाला. "नातेवाईक चांगले मिळतायत."

त्या रात्री आमचं कडाक्याचं भांडण झालं. फोन आधी मला विचारून का नाही केला, इथपासून ते अकरा वर्षांतल्या सगळ्या गोष्टींपर्यंत. मध्ये काढायला बंब उरला नव्हता. मी बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. अर्ध्या तासाने ही चहा घेऊन आली. कप कठड्यावर ठेवला आणि म्हणाली, "जायचंच असेल तर तिकिटं आत्ता काढा. मे महिन्यात मिळत नाहीत."