बिनतारी सवतेसुभे

२५ ऑक्टोबर १९८३ रोजी अमेरिकी फौजा कॅरिबियनमधल्या ग्रेनेडा बेटावर उतरल्या. सगळ्या देशाचं क्षेत्रफळ ३४४ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबईपेक्षाही कमी. उत्तरेला मरीन, दक्षिणेला लष्कराचे छत्रीधारी; कित्येकांच्या हातात पर्यटकांसाठी छापलेले नकाशे. किनाऱ्यावरच्या जवानाला समोर आपल्याच नौदलाची जहाजं दिसत होती, पण त्याचा बिनतारी संच जहाजाच्या संचाशी बोलत नव्हता. कुणा अधिकाऱ्याने म्हणे साध्या टेलिफोनवरून थेट अमेरिकेतल्या छावणीला फोन लावून मदत मागितली. या गोष्टीची पुढे दंतकथा झाली आणि १९८६च्या ‘हार्टब्रेक रिज’ चित्रपटातही ती शिरली. दंतकथा सोडून देऊ. तिसऱ्या दिवशी नौदलाच्या ए-७ विमानांनी आपल्याच ब्रिगेडच्या ठाण्यावर मारा केला आणि १७ जवान जखमी झाले, ही मात्र नोंदलेली गोष्ट आहे. विमानांना लक्ष्य सांगणाऱ्या पथकाचा त्या ब्रिगेडशी संपर्कच नव्हता.

यातला एकही संच बिघडलेला नव्हता. आपापल्या घरात प्रत्येक जण उत्तम चालत होता. लष्कर, नौदल, हवाई दल यांनी आपापली गरज पाहून, आपापल्या कंत्राटदाराकडून खरेदी केली होती. सवतासुभा हा शब्द आपण माणसांसाठी वापरतो. इथे तो यंत्रांत उतरला होता. आठ वर्षांनी आखाती युद्धातही हवाई हल्ल्यांचा रोजचा आदेश, शेकडो पानांचा, विमानात घालून विमानवाहू जहाजांवर पोहोचवावा लागत होता.

गंमत अशी, की त्याच १९८३च्या १ जानेवारीला, त्याच पेंटॅगॉनच्या पैशांवर चालणाऱ्या अर्पानेट या संगणक-जाळ्याने टीसीपी/आयपी हा एकच प्रोटोकॉल सगळ्यांना सक्तीचा केला होता. त्याची कागदपत्रं कुणालाही वाचायला खुली होती. त्यातल्या आयपीचा सप्टेंबर १९८१चा दस्तऐवज अवघा ४५ पानांचा. यंत्र कुणाचं, आतला मजकूर कसला, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. पाकिटावर पत्ता कसा लिहायचा एवढंच तो सांगत होता.

‘खुलं’ म्हटलं की वर्दीतला माणूस दचकतो. खुलं म्हणजे शत्रूलाही खुलं, नाही का? या शंकेला उत्तर बरोबर शंभर वर्षं आधी, १८८३ साली, ऑगस्ट केर्कहॉफ्सने लष्करी गुप्तलेखनावरच्या लेखात देऊन ठेवलं होतं: सांकेतिक पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये, गुपित फक्त किल्लीत असावं. अमेरिकेने २००१ साली स्वीकारलेलं एईएस हे सांकेतिकरण खुल्या स्पर्धेतून निवडलेलं, दोघा बेल्जियन संशोधकांचं. पुढे अतिगोपनीय माहितीसाठीही त्याला मान्यता मिळाली. कुलपाचा आराखडा चव्हाट्यावर आणि तिजोरी शाबूत. उलट आराखडाच लपवला, तर शत्रूआधी आपणच अडकतो, कारण दुरुस्तीला, वाढीव संचांना, प्रत्येक जोडणीला त्याच एका कंपनीच्या दारात उभं राहावं लागतं.

अर्थात मानक ठरवलं की काम फत्ते, असंही नाही. १९९७ साली अमेरिकेने जेटीआरएस या प्रकल्पाचा घाट घातला. सॉफ्टवेअर बदललं की एकच रेडिओ सगळ्यांच्या बोली बोलेल, ही कल्पना. प्रत्येक दलाने आपली मागणी त्यात कोंबली. अब्जावधी डॉलर गेले आणि वाहनांवर बसवायच्या संचाचं काम २०११ साली गुंडाळावं लागलं. सगळ्यांना खूश करायला निघालेलं मानक स्वतःच्याच वजनाखाली बसतं, असं मला वाटतं. ४५ पानांचा संयम तिथे नव्हता.

ऑक्टोबर २०२४ मध्ये आपल्या डीआरडीओनेही सॉफ्टवेअर-आधारित रेडिओंसाठी एक भारतीय मानक जाहीर केलं. एका कंपनीच्या संचासाठी लिहिलेला वेव्हफॉर्म (रेडिओची बोली ठरवणारं सॉफ्टवेअर) दुसरीच्या संचावरही चालावा, हा हेतू. हेतू चोख आहे. पण माझं लक्ष दस्तऐवजापेक्षा पुढच्या निविदांकडे आहे. न जुळणारा संच, तो कितीही स्वस्त किंवा लाडका असला तरी, दारातूनच परत पाठवायला कुणी धजावेल का?

अर्पानेटवालेही टीसीपी/आयपीकडे सहजासहजी वळले नव्हते. सूचना देऊन झाल्या, मुदती झाल्या, तरी मंडळी जुन्यावरच. मग १९८२च्या मध्यावर जुना प्रोटोकॉल एक दिवस चक्क बंद ठेवला. शरद ऋतूत पुन्हा, या वेळी दोन दिवस. ज्यांनी बदल केला नव्हता त्यांची यंत्रं मुकी झाली. जानेवारीत सगळं पार पडलं, तेव्हा काहींनी छातीवर बिल्ले लावले: या बदलातून मी जिवंत सुटलो.